छातीशी धरलेलं यंत्र

काही माणसं आठवली की आधी चेहरा डोळ्यांपुढे येतो, काहींचा आवाज कानात येतो. नाखले साहेब आठवले की मला आधी वास येतो, तंबाखूत भिजलेल्या सुपारीचा. परवा किराणा आणायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं साबणाच्या वडीवर यंत्र धरलं, ते टीं करून वाजलं, आणि त्या स्वच्छ, थंड दुकानात तो वास माझ्या नाकाशी येऊन उभा राहिला. तोंड का वाकडं केलं, असं बायकोनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, एक सहकारी आठवले.

नागपुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी हिशेब सांभाळतो. नाखले तिथे मेन्टेनन्सचे सुपरवायझर होते. वायरिंग, नळ, पंखे, लिफ्ट, जनरेटर त्यांच्याकडे. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा तेही विजेवरच चालतात या न्यायानं त्यांच्याच गळ्यात पडले. माणूस ठेंगणा, पोट सुटलेलं, केसांना मेंदी. गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी असायची. ती इतरांसारखी खिशात कोंबलेली नसे, छातीवर मधोमध लोंबत असे. डाव्या तळहातावर प्लॅस्टिकच्या तुकड्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत ते दवाखानाभर फिरत. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात 'येथे थुंकू नये' अशी पाटी होती. तिच्या खालचा कोपरा तेच रंगवत, आणि महिन्याकाठी त्या कोपऱ्याला चुना मारायचं कामही तेच काढत. दोन्हीत त्यांना विसंगती दिसत नसे.

जेवणाच्या सुट्टीत ते डबा आणत नसत. इतरांचे डबे उघडले की हजर होत. 'काय आणलं आज?' असं विचारतानाच बोटं भाजीत गेलेली असत. आमच्या एका नर्सबाईंनी एकदा उपास म्हणून फक्त भगर आणली होती. नाखल्यांनी तीही चाखली, तोंड वेडंवाकडं केलं आणि उरलेली डब्यात परत टाकली. बाईंनी डबा लावला आणि दिवसभर उपाशी राहिल्या. हे नाखल्यांना कुणी सांगितलं असतं तर ते मनापासून हसले असते.

हा माणूस अडाणी किंवा कामचुकार होता असं मात्र कुणी समजू नये. माझा राग तिथंच आहे. एका पावसाळ्यात संध्याकाळी वादळ झालं, लाइट गेले आणि जनरेटर सुरू होईना. वॉर्डात अंधार, वर शस्त्रक्रिया चाललेली. नाखले चिखलात उताणे पडून जनरेटरखाली शिरले. बाहेर आले तेव्हा कोपर फाटलं होतं, डोळ्यांत डिझेल गेलं होतं, आणि दवाखाना उजळला होता. व्हरांड्यात उभ्या असलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नाखले तोंडावरचं डिझेल न पुसता तसेच उभे राहिले, टाळ्या थांबेपर्यंत. मला वाटतं, पुढचं सगळं त्या टाळ्यांतून निघालं. सगळं सुरळीत चाललेल्या दिवशी ते अस्वस्थ दिसू लागले. दारादारात डोकावून 'सब ठीक?' विचारत, आणि ठीक आहे म्हटलं की एखादी वाईट बातमी ऐकल्यासारखे पुढे जात.

घरीही तेच. एकदा ते टायफॉइडनं पडले होते, तेव्हा मॅडमनी मला फळं देऊन पाठवलं. मॅडम म्हणजे आमच्या दवाखान्याच्या प्रशासक, डॉक्टरकीतून निवृत्त झालेल्या. नाखल्यांच्या घरी गेलो तर त्यांच्या मिसेस रिकामी बादली घेऊन पलंगापाशी उभ्या होत्या. पाण्याच्या मोटरचं बटण भिंतीवर एका लोखंडी पेटीत होतं, पेटीला कुलूप होतं, आणि किल्ली नाखल्यांच्या कमरेच्या करगोट्याला. कपाळावर पाण्याची पट्टी तशीच ठेवून हा माणूस भिंत धरत उठला, बटण दाबून आला आणि धापा टाकत मला म्हणाला, "पाहा साहेब, म्या दोन दिवस अंग टाकलं तं घर कोरडं पडलं."

"किल्ली खुंटीले ठेवा म्हणते," मिसेस माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तं ठेवत नाहीत."

नाखले हसले. त्या हसण्यात समाधान होतं. मी फळं ठेवली आणि चहा न घेता निघालो.

आता त्या यंत्राविषयी. जुन्या पेशंटांना दवाखान्याचं कार्ड असतं. त्यावरचा लांबलचक नंबर टाइप करून कॉम्प्युटरवर माहिती काढायची आणि केसपेपर छापायचा, यात खिडकीवर रांग लागे. म्हणून कार्डांवर रेघांचे पट्टे छापून घेतले आणि ते वाचणारं यंत्र आणलं. पिस्तुलासारखं दिसणारं, एका वायरचं. दुकानाचा माणूस बसवून द्यायला आला तेव्हा डिलिव्हरीच्या कागदावर सही करायला मी तिथं होतो, नाखलेही होते. बसवायचं काही नव्हतंच. त्यानं वायर कॉम्प्युटरला खोचली आणि सांगितलं, याला वेगळं काही लागत नाही, कॉम्प्युटर याला कीबोर्डच समजतो. रेघा वाचायच्या आणि आकडे बोटांनी टाइप केल्यासारखे पाठवून द्यायचे, शेवटी एंटरही आपणच दाबायचं, एवढंच याचं काम. मग त्यानं डब्यातली एक पुस्तिका काढली. यातल्या रेघांवर यंत्र धरलं की त्याच्या सवयी बदलतात, असं काहीतरी तो सांगू लागला, तेवढ्यात चहा आला आणि मला फोनवर बोलावलं. मागे वळून पाहिलं तेव्हा पुस्तिका नाखल्यांच्या खिशात होती.

खिडकीवर शालू मेश्राम बसायची. कळमेश्वरहून रोज बसनं येणारी, तिशीची, तोंडानं फटकळ. नेमणूक कंत्राटी, वर्षावर्षाची. हे वर्ष तक्रारीशिवाय गेलं की ती कायम होणार होती. वडील अंथरुणाला खिळलेले, भाऊ शिकत होता, आणि कायम झाल्याशिवाय त्यांना घेऊन नागपुरात राहायला येता येत नव्हतं. ती हे कुणाला रडून सांगत नसे. विचारलं तर म्हणे, "साहेब, बसचा पास कवा सुटते याचीच वाट पाहून राहिली."

यंत्र आल्यावर रांग निम्म्यावर आली. लोक खूश, मॅडम खूश. आणि मग ते बिघडू लागलं. कार्ड धरलं की टीं वाजे, पण पडद्यावर आकड्यांच्या जागी टक्के, उद्गारचिन्हं, डॉलर, फुल्या. तो नंबर कुणाचाच नसे. शालू मग हातानं टाइप करायला बसे. कार्डं घामानं, हळदीनं डागाळलेली, आकडे पुसट. रांग दारापर्यंत जाई आणि कुणीतरी नाखल्यांना शोधायला धावे.

नाखले येत. पण लगेच नाही. आधी रांगेच्या शेवटापासून सुरुवातीपर्यंत सावकाश चालत, 'सरका, सरका, येऊ द्या' म्हणत. यंत्र हातात घेत, सगळ्यांकडे पाठ करत, ते छातीशी धरत आणि डोळे मिटल्यासारखं करत. टीं. मग शालूच्या हातात देत. आकडे बरोबर येऊ लागत. रांगेतून 'वा, वा' होई. शालू पहिल्यांदा म्हणाली होती, "मले पाहून रुसते का हे? साहेबांनी कुशीत घेतलं तं कसं गुपचूप चालते." सगळे हसले होते. पुढे पुढे ती हसेनाशी झाली, कारण नाखले आता रांगेला ऐकू जाईल असं बोलू लागले होते. नाजूक चीज आहे, हात हलका लागतो, आजकालच्या पोरींना फक्त मोबाइल चालवता येतो.

माझ्या खोलीच्या काचेतून हा हॉल दिसतो. मी हिशेबाचा माणूस, जुळत नसलेली गोष्ट मला टोचत राहते. नाखले एका लग्नासाठी खाप्याला गेले आणि आठवडाभर राहिले. त्या आठवड्यात यंत्र एकदाही बिघडलं नाही. ते परत आले त्या सकाळी ओपीडी उघडायच्या आधी खिडकीचं टेबल पुसताना मला दिसले. टेबल पुसणं हे त्यांचं काम नव्हतं. त्याच सकाळी यंत्र पुन्हा बिघडलं.

त्या सकाळची एक जोडी मी विसरलो नाही. पारशिवनीकडचं म्हातारं जोडपं. म्हाताऱ्याची साखरेची तपासणी होती, म्हणून रात्रीपासून पोटात काही नाही, पहिली बस धरून आलेले. केसपेपर मिळेपर्यंत रक्त घेत नाहीत. रांग हलेना. म्हातारी खिडकीशी जाऊन म्हणाली, "बाई, कागद दे वं काढून. उपाशी हाये माणूस." शालू नंबर टाइप करत होती, चुकत होता, पुन्हा करत होती. म्हातारा आधी भिंतीला टेकला, मग खाली बसला, मग बसल्या जागी कलंडला. धावपळ झाली, कुणीतरी साखर-पाणी आणलं. मी बाहेर आलो तेव्हा नाखले कँटीनच्या दाराशी उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. बशीतला चहा त्यांनी पूर्ण संपवला, मग आले. छातीशी धरलं, टीं, झालं. म्हातारीनं त्यांच्यासमोर हात जोडले. म्हणाली, "देवमाणूस हायेस बाप्पा."

नाखल्यांनी तो नमस्कार घेतला. संकोचले नाहीत, नजर वळवली नाही. आणि त्याच दुपारी शालूविरुद्ध लेखी तक्रार मॅडमकडे गेली. यंत्र हाताळता येत नाही, वारंवार बिघडवते, पेशंटच्या जिवाशी खेळ होतो. खाली सही नाखल्यांची. मॅडमनी शालूला मेमो दिला. कंत्राट संपायला थोडेच दिवस उरले होते आणि मेमो असताना ते वाढणार नव्हतं, कायम होणं तर दूरच.

पुढच्याच आठवड्यात औषधांच्या काउंटरसाठी दुसरं यंत्र आलं, त्याच कंपनीचं. बिलाशी माल ताडून बघायला डबा माझ्या टेबलावर आला. आत पुस्तिका होती. मी ती सगळी वाचली. देशोदेशीचे कीबोर्ड वेगळे असतात. फ्रेंच कीबोर्डवर आकडा टाइप करायला शिफ्ट दाबावं लागतं, आपल्या कीबोर्डवर शिफ्ट दाबलं की आकड्याच्या जागी चिन्ह उमटतं. म्हणून पुस्तिकेत प्रत्येक देशाच्या नावाखाली रेघांचा एक पट्टा छापलेला होता. ज्या पट्ट्यावर यंत्र धराल त्या देशात आपण आहोत असं ते समजतं. मी वायर खोचली आणि फ्रान्सच्या पट्ट्यावर धरलं. टीं. मग टेबलावरच्या बिस्किटाच्या पुड्यावर धरलं. पडद्यावर टक्के, फुल्या, डॉलर. आपला पट्टा शोधून त्यावर धरलं. टीं. पुन्हा पुड्यावर धरलं. स्वच्छ आकडे.

नाखल्यांच्या ओळखपत्राच्या मागे काहीतरी चिकटवलेलं मी पूर्वी पाहिलं होतं. कुठल्याशा बाबांचा फोटो असेल असं मला वाटलं होतं. त्या दुपारी ते माझ्या टेबलावर वाकून सही करत होते. कार्ड उलटं लोंबत होतं. मागे दोन पट्ट्या होत्या, नीट कापून वरून पारदर्शक टेप लावलेल्या, वर फ्रान्सची आणि खाली आपली. मी पुस्तिका त्यांच्यापुढे उघडून ठेवली.

ते गोंधळले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

"वाचलं का तुमी? बरं झालं, कोणी तरी वाचलं," म्हणाले. "एक सांगा साहेब. तुमची सही नसली तं पगार थांबते का नाही?"

मी म्हटलं, थांबतो.

"मग माझ्यावाचून कायले थांबू नये काही? जनरेटर चालू केला तवा टाळ्या वाजवल्या तुमी लोकांनी. दुसऱ्या दिवशी कोणी नाव घेतलं? लाइट लागला का नाखले कोणाले दिसत नाही."

"आणि त्या मुलीचं काय?"

"कोणती? कॉन्ट्रॅक्टची?" त्यांना खरोखर आठवावं लागलं असावं. "एक गेली तं दहा येतात, साहेब. तुमी काहून टेन्शन घेऊन राहिले?"

आणि तळहातावरचा घोटलेला खर्रा त्यांनी माझ्यापुढे केला. रोजच्यासारखाच, आग्रहानं. त्यांनी म्हाताऱ्याला पडताना पाहिलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. मी उठून खिडकी उघडली.

त्याच संध्याकाळी मी मॅडमकडे गेलो. पुस्तिका दाखवली, दोन पट्ट्यांचं सांगितलं, खाप्याच्या लग्नाचं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं. चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, नाखल्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, आणि या इमारतीतली कुठली वायर कुठून जाते ते त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही. उद्या खिडकीवर बघू.

दुसऱ्या दिवशी यंत्र बिघडलेलंच होतं. मी पुस्तिका शालूकडे दिली आणि पान दाखवलं. मॅडम येऊन उभ्या राहिल्या. नाखलेही आले, कुणी न बोलावता. शालूनं पुस्तिकेतल्या पट्ट्यावर यंत्र धरलं. टीं. रांगेतलं पहिलं कार्ड घेतलं. टीं. पेशंटचं नाव पडद्यावर आलं, केसपेपर छापून बाहेर पडू लागला.

मी मॅडमकडे पाहत होतो. पण आधी नाखले बोलले.

"शाबास," ते म्हणाले. "शिकवलं तसंच केलं. मॅडम, मीच हिले ट्रेनिंग देऊन राहिलो होतो. आता तयार झाली पोरगी. तक्रार मागे घेतो मी."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलेलं होतं. कळूनच त्यांनी शालूला विचारलं, "हो का गं? यांनी शिकवलं तुला?"

मी बोलायला तोंड उघडलं. शालूनं माझ्याकडे पाहिलं, जेमतेम, आणि मान किंचित हलवली. नका, असं. मग ती मॅडमना म्हणाली, "हो मॅडम. साहेबांनीच शिकवलं."

मॅडमच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. छान, म्हणाल्या, मग मेमोचा प्रश्नच नाही. आणि गेल्या. चौकशी नाही, जाब नाही, कुणाला एका शब्दाचा बोल लागला नाही. रांग पुढे सरकली. मला त्या हॉलमध्ये सगळ्यांचीच किळस आली. माणसं काम काढून घेण्यासाठी काय काय गिळतात याची.

यंत्र त्यानंतर बिघडलं नाही. बिघडवून उपयोग नव्हता. पुस्तिका शालूच्या ड्रॉवरमध्ये होती. नाखल्यांनी लवकरच लिफ्टमध्ये लक्ष घातलं, आणि लिफ्ट मजल्यांच्या मध्ये थांबू लागली. यथाकाल ते निवृत्त झाले. निरोपाला मोठा कार्यक्रम झाला म्हणतात, शाल, श्रीफळ, मॅडमचं भाषण. मी त्या दिवशी रजा टाकली होती. माझ्यापुरते नाखले त्याआधीच संपले, शालूची कायम झाल्याची ऑर्डर निघाली त्या दिवशी.

त्या दिवशी ती संत्रा बर्फीचा मोठा डबा घेऊन आली होती. कायम झालं की सगळ्यांना गोड द्यायचं आणि ज्यानं काम शिकवलं त्याला पहिलं द्यायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. ओपीडी चालूच होती. नाखले खिडकीपाशी येऊन उभे राहिले होते, रांगेकडे तोंड करून, लोकांना दिसेल असे. शालू खिडकीमागून बाहेर आली. त्यांनी गालातला खर्रा बोटानं काढून खांबाआड टाकला, तेच बोट डब्यात घातलं आणि दोन बर्फ्या घेतल्या. एक तोंडात टाकली, दुसरी खिशात. तिनं वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच रांगेला सांगितलं, "माझ्या हाताखाली तयार झाली ही." हात बराच वेळ तिथेच होता. ती वाकलेलीच राहिली.

मग ती माझ्या खोलीत डबा घेऊन आली. एका कडेच्या दोन रांगा तिनं कागदानं वेगळ्या झाकून ठेवल्या होत्या. कागद उचलून म्हणाली, "इकडची घ्या साहेब. इकडं त्याचा हात नाही लागला."

मी घेतली. ती आत जाऊन हात धुऊन आली, ओल्या रुमालानं भांगापासून मागेपर्यंत केस खसाखसा पुसले, आणि खिडकीमागे बसून म्हणाली, "हं, कोन हाय पुढं? कार्ड द्या." काचेतून मला नाखल्यांची पाठ दिसत होती. ते अजून तिथेच उभे होते, तोंड हलवत, रांगेतल्या एकेकाकडे बघत. रांग त्यांना वळसा घालून पुढे जात होती.